डोरोथीबाईंच्या कपाटातलं प्रस्थान

डब्लिन, ओहायो
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००६

ती. प्रतिमावन्सं यांच्या चरणांशी,

पद्मजाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपलं लिहिण्यापुरतं. सकाळच्या गारठ्याने गुडघे असे धरलेत की खरोखर घातला तर मला उठवायला अग्निशमन दल बोलवावं लागेल, आणि इथे ते बोलावलं की खरंच येतं, म्हणून धीर होत नाही.) तुमची प्रकृती कशी आहे? डावा खांदा काय म्हणतो? मालिशला दीपा वेळेवर येते की दांड्या मारते? शेवग्याच्या शेंगा गल्लीतली पोरं काढून नेत नाहीत ना? हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं, पण आमचा आवाज कानी पडला की तुम्ही ‘राँग नंबर’ म्हणून रिसीव्हर ठेवता. वन्सं, माझा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंककॉल जोडण्यात गेला, एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या भाऊबंदांचेसुद्धा मी जोडून दिले, आणि आता घरचा एक कॉल मला जोडता येईना. म्हणून पत्र. पत्र रागाने अर्ध्यात ठेवलं तरी उरलेलं जागेवरच राहतं, आणि तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. दुपारचा चहा झाला की तुम्ही ते पुन्हा हातात घ्याल.

तर आधी मुख्य बातमी सांगून टाकते. आम्ही जिंकलो. दोघांची ग्रीन कार्डं शाबूत आहेत, माझ्या पर्समध्ये, चेन लावलेल्या कप्प्यात. ती आमच्याकडून काढून घ्यायला निघाले होते. काढून घ्यायचा कागद टेबलावर आला होता, पेनसुद्धा पुढे केलं होतं, फक्त सही बाकी होती. ती झाली नाही. का झाली नाही, तर माझ्यामुळे (आणि खरं सांगायचं तर थोडीशी तुमच्यामुळे, पण त्याला यायला वेळ आहे, मधे घाई करू नका).

गेलं वर्षभर माझी काय ओढाताण झाली ते तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्ही शाळेच्या मुख्याध्यापिका. तुमच्यासमोर मी अजूनही उशिरा आलेल्या मुलीसारखी दारात उभी असते. सासूबाई गेल्या तेव्हा हे पाटी-दप्तराच्या वयाचे. तुम्ही ह्यांना वाढवलंत, त्यापायी स्वतःचं लग्न पुढे ढकलत ढकलत शेवटी विषयच सोडून दिलात. हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं होतं, आणि मी ते विसरलेली नाही. धरमपेठच्या घरात तुम्ही खाली, आम्ही वर, इतकी वर्षं गेली. मग परीक्षित इथला नागरिक झाला, त्याने आई-वडिलांसाठी अर्ज केला, आणि तुम्ही एक वाक्य बोललात: कार्ड हातात पडलं की भाऊ गेला. झालं. त्या दिवसापासून मी दोन कोर्टांत एकच खटला चालवते आहे. इकडच्या साहेबाला पटवायचं की आम्ही कायमचे इथले झालो, आणि तुम्हाला पटवायचं की आम्ही कुठेही गेलेलो नाही. एका कोर्टात जिंकावं तर दुसऱ्यात हरलेच.

मुळात गेल्या वर्षी आम्ही इथे आलो ते राहायला आलोच नव्हतो. व्हिसा मिळाल्यावर अमुक तारखेच्या आत एकदा अमेरिकेच्या जमिनीवर पाऊल टेकवून दाखवायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात, असा नियम. आणि ती तारीख पडली पितृपक्षात. तुम्ही पंचांग उघडलंत, मिटलंत, पुन्हा उघडलंत, आणि म्हणालात की पितृपंधरवड्यात माणूस साधा पलंग विकत घेत नाही, हे देश बदलायला निघाले. मी म्हटलं, वन्सं, देश बदलत नाही हो, नुसता शिक्का मारून यायचं, महिन्याभरात दिवाळीला घरी. तरी तुम्हाला राहवेना. (राग होता तरी राहवेना, हे मी मनात टिपून ठेवलं.) तुम्ही म्हणालात, पितृपक्षातला प्रवास धरायचाच नाही, खरं प्रस्थान दसऱ्याला ठेवा, सीमोल्लंघनाचा दिवस आहे. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने खणाच्या कापडात सुपारी, हळकुंड, अक्षता आणि एक नाणं बांधून अशी काही गाठ मारलीत की ती सोडायला आजही सुतार लागेल. मला सांगितलंत, दसऱ्याला हे जाण्याच्या दिशेला शेजारच्या घरी ठेव. आता तुम्ही म्हणता, मी ‘निघायच्या घराच्या’ शेजारी म्हणाले होते. म्हणाला असाल. पण पश्चिमेला आपल्या शेजारी गुरुनाथ वकील, आणि त्यांच्याशी तुमचं कंपाउंडच्या भिंतीवरून बोलणं बंद. तुम्ही मला त्यांच्या घरी पाठवाल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. शिवाय दसऱ्याला मी असणार डब्लिनला. म्हणून मी गाठोडं पर्समध्ये टाकलं आणि सोबत घेऊन निघाले.

तो पहिला प्रवेश मी तुम्हाला नीट सांगितलाच नव्हता, कारण त्यात ह्यांची अब्रू गुंतली आहे. वकिलातीने एक सीलबंद पाकीट दिलं होतं, ते फोडायचं नाही, तसंच साहेबाच्या हाती द्यायचं. हे पूर्ण प्रवासभर ते पाकीट छातीशी धरून बसले, जेवतानासुद्धा. खिडकीपाशी पोचलो. साहेब तरुण, हसतमुख. त्याने पाकीट फोडलं, शिक्के मारले, आणि म्हणाला, वेलकम होम. आपल्या घरी या म्हणून म्हणाला. आता कोणी ‘या’ म्हटलं की आपल्याकडे काय करतात? उंबऱ्यातच सांगतात की फार बसणार नाही, लगेच निघायचंय, चहाबिहा काही ठेवू नका. ह्यांनी नेमकं तेच केलं. हात जोडून त्याला म्हणाले की तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही फार दिवस राहणार नाही, महिन्याभरात परत जातो, तुम्हाला मुळीच त्रास देणार नाही. कायमचं राहायला आलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून त्या मुलाचा हात हवेतच राहिला. मी मागून ह्यांच्या कोटाला असा हिसका दिला की शिवण उसवली. तो मुलगा भला, हसला आणि जा म्हणाला. पण मी तिथेच शपथ घेतली की पुन्हा कधी खिडकीपाशी ह्यांना तोंड उघडू द्यायचं नाही.

मग महिना इथे काढला. कार्ड टपालाने येणार, म्हणून हे रोज पेटीपाशी उभे. टपालवालीची गाडी आली की हे पुढे होऊन हात पुढे करत, आणि ती बिचारी दचके. (इथे पेटीत टाकलेलं पत्र ती निघून गेल्यावर काढायचं असतं, हातातून घ्यायचं नसतं. कोणी सांगणार आहे का?) तेवढ्यात दसरा आला. मी होकायंत्र काढलं. म्हणजे परीक्षितच्या गाडीतलं. परीक्षितच्या घराच्या पश्चिमेला राहतात डोरोथीबाई. एकट्या, तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारख्याच ताठ, आणि बोलण्यातही तशाच. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या की तुझ्या मुलाने गवत फार वाढवलंय. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी सुनेला, रेणूला, दुभाषी म्हणून घेतलं, गाठोडं घेतलं, पुडाच्या वडीचा डबा घेतला आणि गेले. रेणूने समजावून सांगितलं की आमच्याकडे मोठ्या प्रवासाला निघायचं आणि नेमका त्या दिवशी चांगला मुहूर्त नसेल, तर मुहूर्ताच्या दिवशी एक गाठोडं शेजारी नेऊन ठेवतात. म्हणजे त्या दिवशीच निघाल्यासारखं होतं, माणूस मागाहून सवडीने निघतो आणि जाताना गाठोडं उचलतो. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किती दिवस ठेवायचं? मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे थोडेच दिवस, पण अमेरिकेच्या सरकारने आम्हाला वर्षाची मुदत दिली आहे. त्या बरं म्हणाल्या, काचेच्या कपाटात नवऱ्याच्या बोलिंगच्या ढाली होत्या त्या थोड्या सरकवल्या, आणि तुमचं गाठोडं मधोमध ठेवलं. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं दिसत होतं.

दिवाळीला आम्ही शब्दाप्रमाणे घरी आलो. फराळाच्या वेळी मी मोठ्या अभिमानाने तुम्हाला प्रस्थानाची हकीकत सांगितली, आणि तुमच्या हातातली चकली ताटात पडली. तुम्ही म्हणालात, अगं, पोचायच्या ठिकाणी कधी प्रस्थान ठेवतात का? निघायच्या ठिकाणी ठेवतात. मग पुरुषोत्तमला खाली हाक मारलीत (भावाला तुम्ही पूर्ण नावाने हाक मारलीत की मी वर गॅस बंद करून जिन्याशी येते), गुरुजींना बोलावणं धाडलंत. गुरुजींनी पोथी पाहिली, डोकं खाजवलं, आणि निर्णय दिला की प्रस्थान जिथे ठेवलं तिथून माणूस निघाला असं समजतात. तेव्हा शास्त्राप्रमाणे हे दोघे अमेरिकेहून नागपूरला यायला निघालेले आहेत. वन्सं, त्यावेळी तुमचा चेहरा मी पाहिला आहे. तुम्ही वरकरणी म्हणालात, काय ही अक्कल, पण लगेच आत जाऊन गुरुजींना दक्षिणेवर एक पेढ्याचा पुडा दिलात. दुसऱ्या कोर्टात मी न बोलता जिंकले होते, आणि तेसुद्धा चुकीने.

ते वर्ष फार सुखाचं गेलं, हे मी इथे बसूनही सांगेन. तुम्ही दर दोन दिवसांनी खालून ह्यांना हाक मारायचात, एवढी भाजी कोण संपवणार म्हणून. पण परीक्षितचे फोन सुरू झाले. आधी हळू, मग जोरात. बाबा, वर्ष भरायच्या आत आलात नाहीत तर कार्ड गेलं. बाबा, आताच खूप झालंय, विचारतील. आणि मधेच उर्वीचा आवाज (सहा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीतून देते): “आजी, इफ यू आर पर्मनंट, व्हाय आर यू ऑल्वेज देअर?” बरोबरच होतं तिचं: कायमची म्हणून नोंद झालेली आजी कायम दुसरीकडेच. शेवटी गणपती झाले, अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं आणि आम्ही बॅगा काढल्या. या वेळी तुम्ही प्रस्थानही बांधलं नाहीत. मी ते विचारायला खाली आले होते, तर तुम्ही झोपल्याचं सोंग घेतलंत. सोंग म्हणते, कारण चष्मा डोळ्यांवर होता.

आता मुख्य रणांगण. परीक्षितने आम्हाला पढवून ठेवलं होतं की पुराव्यांची फाईल हातात ठेवा: बँकेतलं खातं, कराचा कागद, ह्यांचं ओहायोचं ओळखपत्र, सगळं त्यात. फाईल मी व्यवस्थित लावली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, आणि विमानतळावर हातातलं सामान जास्त भरलं तेव्हा पटकन काढून मोठ्या बॅगेत टाकली. (पर्याय होता पुडाच्या वडीचा डबा बॅगेत टाकायचा. पण वड्या चेपल्या असत्या. माणसाने कुठेतरी तत्त्व पाळावं.) जिथे उतरून विमान बदलायचं तिथेच तपासणी. या वेळचा साहेब उंच, टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. हसू नावाला नाही. पासपोर्टाची पानं मागे केली, पुढे केली आणि आम्हाला एका वेगळ्या खोलीत नेऊन बसवलं. खोलीत खुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एक बाई हुंदके देत होती. ह्यांचा हात माझ्या हातात होता. मी कानात सांगितलं, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही.

साहेबाने बोलावलं. म्हणाला, वर्षात तुम्ही जेमतेम महिनाभर इथे होतात, उरलेलं सगळं भारतात. तुम्ही इथे राहत नाही, पाहुणे म्हणून येता. पाहुण्यांसाठी वेगळा व्हिसा असतो. कार्ड परत करा, सही करा, आणि खुशाल नातीला भेटून जा. बोलायला वाईट नव्हता हो. शांतपणे बोलत होता, म्हणूनच जास्त भीती वाटली. कागद पुढे आला. पुरावे काय, म्हणाला. मी म्हटलं बॅगेत. बॅग कुठे? पट्ट्यावर फिरते आहे. सही केली असती तर पुढच्या वेळी उर्वीला भेटायलासुद्धा मुलाखतीची रांग, नाही तर नाहीच. आणि वन्सं, त्या क्षणी मला तुमची गाठ आठवली. मी पर्स आपटून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, साहेब, आमचं सामान गेल्या दसऱ्यापासून ओहायोत आहे. पाहुणा आपलं सामान घरी नेतो. आम्ही ठेवून गेलोय.

मग मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या इंग्रजीत, पण खड्या आवाजात. एक्स्चेंजमध्ये नाइट ड्यूटीला लांबच्या ऑपरेटरशी बोलायचा आवाज असतो तो. मुहूर्त, पितृपक्ष, पश्चिमेची शेजारीण, काचेचं कपाट. तो म्हणाला, गाठोड्यात काय आहे? मी म्हटलं, सुपारी, हळकुंड, तांदूळ आणि एक नाणं. तो म्हणाला, हे सामान? मी म्हटलं, आमच्यात एवढ्यावर माणूस निघतो. डायरीत डोरोथीबाईंचा नंबर होता, मी पुढे सरकवला. त्याने फोन लावला. बाईंनी उचलला. साहेबाने विचारलं, अमुक अमुक माणसांच्या काही वस्तू तुमच्याकडे आहेत का? आणि वन्सं, त्या बाई त्याला काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, आहेत, माझ्या कपाटात वर्षभर आहेत, मी दर आठवड्याला धूळ पुसते, आणि ती माणसं कुठे अडकलीत ते आधी सांग, त्यांच्या मुलाने गवत पुन्हा वाढवलंय. साहेबाच्या तोंडाचा कोपरा हलला. शिक्का असा बसला की टेबलावरचं पेन उडालं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पुढचं विमान चुकलं होतं, बॅगा आमच्याआधी ओहायोला निघून गेल्या होत्या, पण कार्डं माझ्या पर्समध्ये होती. त्या विमानतळावरच्या बाकावर बसून आम्ही दोघांनी मिळून अर्धा डबा वड्या संपवल्या.

इथे आल्यावर परीक्षितने मला नमस्कार केला. वाकून. त्याच्या ऑफिसात मी आता प्रसिद्ध आहे. परवा त्याचे मित्र अरुण आणि निधी खास गोष्ट ऐकायला पार टेक्सासमधल्या शुगर लँडहून इकडे आले होते (म्हणजे आले होते दुसऱ्याच कामाला, पण ऐकून गेले). त्यांना सांगताना मी पेन थोडं जास्त उडवलं. आणि काल दसरा. इथे आपटा कुठला? पण डोरोथीबाईंच्या अंगणात एक झाड आहे, त्या रेडबड म्हणतात, पानं मोठी पण आकार तसाच. उर्वीने ती तोडली आणि आम्ही सगळे सोनं द्यायला गेलो. मी ह्यांना म्हटलं, बाईंना मोठ्या समजून वाका. हे वाकले. डोरोथीबाईंना वाटलं काही पडलंय, त्याही वाकल्या, आणि दोघांची टाळकी आपटली. गाठोडं तिथेच आहे. मी उचललं नाही. गुरुजींचा निर्णय माझ्या लक्षात आहे: ते उचललं की नागपूरच्या वाटेला लागायचं.

तर वन्सं, हिशेब असा झाला. कायद्याप्रमाणे आम्ही इथे पोचलो, आणि शास्त्राप्रमाणे इथून निघालो. दोन्ही कोर्टांचा निकाल माझ्या बाजूने लागलेला आहे. तुम्ही जन्मभर मला वेंधळी म्हणत आलात; आता ते शब्द थोडे मागे घ्यावेत अशी माझी नम्र अपेक्षा आहे. खांद्याला शेक घ्या. शेंगा पोरांना दिल्यात तरी चालेल, पण गुरुनाथ वकिलांकडे जाऊ देऊ नका.

तुमची, अजूनही तुमच्याच वरच्या मजल्यावरची,
पद्मजा

ता. क. – दीपा मालिशला आली की तिला सांगा, तेल गरम करताना ओवा टाक. आमच्या वरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने सरकतं, तेही तिच्या हातून बसवून घ्या. तुम्ही जिना चढू नका.

दुसरा ता. क. – पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. वर लिहिलंय त्यात थोडी दुरुस्ती आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. डोरोथीबाईंना फोन झाला हे अगदी खरं, गवताचंही खरं. पण तो झाला शिक्का बसल्यानंतर. साहेबाला गाठोड्याची गंमत वाटली, म्हणून त्याने लावला. माझं प्रस्थानाचं भाषण त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवून पुन्हा तो कागदच पुढे केला. मी पेन उचललंही होतं. तेव्हा त्याने ह्यांच्याकडे बघून विचारलं की तुम्ही काहीच बोलत नाही, भारतात असं काय आहे की महिन्याभरात परत गेलात? मी कोट ओढला. हे ऐकेनात. म्हणाले, “माझी बहीण आहे. तिनेच मला वाढवलं. आता ती एकटी आहे. मला एकदम निघता येत नाही, साहेब. मी थोडा थोडा निघतोय.”  अठ्ठेचाळीस साली आई गेली तेव्हाही हे रडले नव्हते असं तुम्हीच मला सांगितलंत. तिथे त्या खुर्चीत रडले. साहेबाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, बराच वेळ पासपोर्ट चाळला. बहिणीला इकडे आणता येणार नाही का, म्हणाला. हे म्हणाले, ती येणार नाही, शेवग्याला पाणी कोण घालणार म्हणते. मग त्याने शिक्का मारला. पेनबिन काही उडालं नाही. आणि म्हणाला की पुढच्या वेळी जाण्याआधी जास्त दिवस बाहेर राहायचा परवाना मागून घ्या, मिळतो. मग भीत भीत जाऊ नका. त्याचा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात केला. परीक्षितने कपाळाला हात लावला, पण टपालात त्यानेच टाकला.

तिसरा ता. क. – हे पत्र ह्यांनी वाचलेलं नाही, आणि आता लिहिते ते त्यांना माहीतही नाही. मी तिकिटं काढली आहेत. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आम्ही नागपुरात. सांगून येतेय ती एकाच गोष्टीसाठी. आम्ही निघालो त्या पहाटे जिन्यावरून उतरताना, वरच्या आणि खालच्या घरामधल्या दाराला तुम्ही आतून कडी घातलीत, त्याचा आवाज मला आला. मी समजत होते, मला एकटीलाच आला. पण इथे आल्यापासून हे झोपेत दोनदा म्हणाले, ताई, कडी. वन्सं, इतक्या वर्षांत त्या दाराला कडी आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. ती काढून ठेवा. पुढच्या दाराची घंटा वाजवून पाहुण्यासारखा ओवाळून घ्यायला तुमचा भाऊ येणार नाही, आणि तुम्हालाही ते बघवणार नाही.